नोट वाजली पाहिजे

गल्ल्यातली चांगली नोट मागणारं गिऱ्हाईक प्रत्येक दुकानदाराच्या वाट्याला येतं. "ही नको, जरा कडक दे," असं म्हणत ते आपण दिलेली नोट परत सरकवतं आणि आपण मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दुसरी शोधतो. आदिलाबादकडच्या बेल्याच्या बाजारओळीत किराण्याचं दुकान चालवताना असली माणसं मी पोत्याने पाहिली. पण गल्ल्यातली सगळ्यात वाईट नोट मागणारा माणूस एकच भेटला. तो म्हणजे आमचे शेजारी दिगांबरकाका.

"वसंता, काढ बापा तुह्या गल्ल्यातली एखादी मेलेली," असं म्हणत ते दुपारच्या वेळी दुकानाच्या पायरीवर येऊन टेकायचे. मी दहाच्या नोटांचा गठ्ठा पुढे टाकायचो. मग त्यांची निवड सुरू व्हायची, आणि ती बायकांच्या साडीखरेदीपेक्षा लांबायची. फाटलेली नोट त्यांना चालत नसे. चिकटपट्टी लावलेली तर ते बोटाच्या टोकाने बाजूला सारत. त्यांना हवी असायची मरगळलेली नोट, हातात घेतली की दोन्हीकडून खाली लोंबणारी, घाम, हळद, तंबाखू सगळं पिऊन मऊ पडलेली. तशी सापडली की ती नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि सांगायचे, "ही कापूस वेचणाऱ्या बाईच्या चोळीतली हाये. लई थकली बिचारी." त्या थकलेल्या नोटेच्या बदल्यात मला कडक दहा रुपये मिळायचे, आणि माझी काही तक्रार नव्हती.

काकांचा धंदा भाजीपाल्याच्या रोपांचा आणि बियाण्याचा. गावाबाहेर विहिरीवर त्यांचं थोडंसं वावर होतं, तिथे ते वांगी, मिरची, टमाट्याची रोपं करायचे आणि बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोर, नालीवरच्या फरशीवर मांडून विकायचे. रोपं आणि बियाणं विकणारे बाजारात काही कमी नव्हते. पण काकांच्या फरशीभोवती गर्दी असायची, कारण काका जादू करायचे. ही विद्या त्यांनी तरुणपणी एका फिरत्या खेळवाल्याबरोबर राहून उचलली होती. घरून पळून गेले होते म्हणे. किती दिवस, कुठे कुठे, हे विचारलं की ते हसून बिडी पेटवायचे, आणि काकू आतून भांडी आपटायच्या. त्यामुळे तो विषय तिथेच थांबायचा.

खेळ एकच. पत्ते नाहीत, कबूतर नाही, पोरगी कापणं नाही. गर्दीतल्या कोणाकडून तरी दहाची मळकी नोट मागायची, रुमालात बांधायची, फुंकर मारायची, रुमाल झटकला की नोट गायब. मग समोरच्या टोपलीतून बियाण्यासाठी वाळवलेला एखादा दोडका नोटवाल्यालाच निवडायला लावायचा. काका तो कानाशी खुळखुळवत, टोक मोडत, आणि बियांच्या मागोमाग आतून गुंडाळी झालेली नोट बाहेर पडत असे. ती आत कशी जायची हे मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की नोट दोडक्यातून निघाली म्हणून लोक टाळ्या वाजवत नसत. काका ती गुंडाळी उलगडायचे, दोन्ही टोकांना चिमटीत धरायचे आणि एक झटका द्यायचे. कर्र! मघाशी फडक्यासारखी लोंबणारी नोट छापखान्यातून आल्यासारखी वाजायची. टाळी त्या आवाजाला पडायची. बाजाराच्या त्या गलक्यातसुद्धा तो मागच्या माणसापर्यंत पोचायचा. "म्हातारी गेली, तरणी आली!" काका ओरडायचे, आणि मग बिया विकायला घ्यायचे.

खरी मेहनत मात्र भिंतीपलीकडे चालायची. माझं दुकान आणि त्यांचं घर यांत एकच भिंत, तीही वरून टिनाची, त्यामुळे त्यांच्या घरातलं सगळं मला ऐकू यायचं. नोटवाल्याला परत मिळायची ती नोट त्याची नसायचीच, आदल्या खेळात कोणाची तरी घेतलेली किंवा माझ्या गल्ल्यातली असायची. आजची मळकी नोट घरी जायची, रिठ्याच्या कोमट पाण्यात निजायची, काचेच्या तुकड्यावर पसरली जायची. काका चमच्याच्या पाठीने तिच्या सुरकुत्या काढायचे, पण सगळ्या नाही. मग साबुदाण्याची पातळ खळ, सावलीत वाळवण आणि शेवटी दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवून इस्त्री. पुढच्या बाजारी ती दुसऱ्याच कोणाच्या तरी खिशात जायची. असं ते चक्र होतं.

मी एकदा म्हटलं, "काका, एवढी कटकट कशाला? बँकेतून कोऱ्या नोटा आणा ना." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या ताटात माती टाकली होती.

"कोरी नोट पाह्यली की लोक म्हनतात, हां, खिशातून काढली याने," ते म्हणाले. "नोट तेच वाटली पाह्यजे वसंता. तिच्यावरचा तेलाचा डाग पाह्यजे, कोनाचं गिचमिड नाव पाह्यजे. फक्त अंगात जीव आला पाह्यजे. म्हाताऱ्याच्या तोंडावरच्या सुरकुत्या तशाच ठेवून त्याले पळवायचं, असं काम हाये हे."

सुरकुत्या सगळ्या का काढत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.

एकदा मात्र ते पकडले गेले. कापसाच्या जिनिंगवर हिशेब लिहिणारा एक चष्मेवाला मुनीम होता, त्याने नोट देण्याआधी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला. खेळ झाला, नोट वाजली, टाळ्या पडल्या, आणि हा पठ्ठ्या फोटो वर धरून ओरडला, "नंबर दुसरा हाये! ही माही नोट नोहे!" गर्दी काकांकडे वळली. मी गल्ला तसाच सोडून पायरीवर आलो. काकांनी शांतपणे त्याचा मोबाइल हातात घेतला, फोटो पाहिला, नोट पाहिली, पुन्हा फोटो पाहिला.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "नंबर बदलला. तुमी सांगा मुनीमजी, जुनाच नंबर राह्यला तर नोट नवी झाली असं मी कोन्या तोंडाने सांगू? नवा जलम, नवा नंबर. तुमच्या कंपनीतही गाडी नवी घेतली की नंबर बदलते का नाई?"

लोक असे हसले की मुनीमही हसला. जाताना त्याने दोडक्याचं बियाणंही घेतलं. माणूस पकडला गेला आणि माल विकून मोकळा झाला, असा प्रकार मी दुसरा पाहिला नाही.

दुसऱ्या एका वेळी मात्र त्यांच्या जिभेने दगा दिला. निवडणुकीचे दिवस होते. पलीकडे महाराष्ट्रात त्यांच्या भाचीचं लग्न, आणि तिथे जादू करायचा आग्रह. मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन निघालो तर सीमेवरच्या नाक्यावर पोलिसांनी अडवलं. गाड्या तपासून राहिले होते. काकांच्या थैलीत एक डबा निघाला, त्यात वर्तमानपत्राच्या घड्यांत एकेक दहाची नोट, आणि दुसऱ्या डबीत पांढरी घट्ट खळ. शिपाई तेलुगू. त्याने खळ बोटाला लावून पाहिली, नोट उजेडात धरली आणि साहेबाला हाक मारली, "सार! दोंग नोट्लु!" खोट्या नोटा म्हणजे!

काकांना तेलुगू बाजारापुरतं यायचं. घाबरून तेही विसरले. "काद सार, गंजि! गंजि!" एवढंच ते म्हणत राहिले. नाही साहेब, खळ आहे, खळ. पण मांडीवर हात मारून, डोळे फिरवून "खळ, खळ" म्हणणाऱ्या माणसाकडे पोलीस कसे बघतील? मला हिंदीत सगळं समजवायला लागलं, आणि मी समजावत असताना मला स्वतःलाच ते खोटं वाटायला लागलं. कोण कशाला दहाच्या नोटांना खळ लावेल? शेवटी साहेब म्हणाला, करके दिखाओ. काकांनी साहेबाचीच मळकी नोट मागून रस्त्याच्या कडेला, दोडक्याशिवाय, नुसत्या रुमालावर खेळ केला. नोट वाजली तसा तो तरुण साहेब लहान पोरासारखा हसला. ती नोट त्याने खिशात घातली आणि म्हणाला, "मेरीवाली वापस मत देना." लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा जेवणं उरकली होती, पण काका दिवसभर खूश होते.

हे सगळे बरे दिवस. पुढचं सांगायचं जिवावर येतं.

आधी नोटा कमी झाल्या. बाजारात जो तो मोबाइल पुढे करायला लागला. माझ्या दुकानातही ते बोलकं डबडं आलं, पैसे आले की बाईच्या आवाजात ओरडणारं. काकांनी गर्दीत "कोनी दहाची नोट द्या बापा" म्हटलं की पोरं एकमेकांकडे बघायची. कोणीतरी म्हणायचं, "काका, स्कॅनर लावा ना, त्यातून काढू." काका हसायचे, पण ते हसणं आता ओढून आणलेलं असायचं. गल्ल्यातल्या दहाच्या नोटाही इतक्या कमी झाल्या होत्या की त्यांच्यात जीव आणायचा तर आधी त्या शोधून काढायला लागायच्या.

त्याच सुमारास आमच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या तराजूच्या. काकू साबुदाणा जास्त नेऊ लागल्या होत्या. पहिल्यांदा मूठभर, मग पाव, मग त्याहून जास्त. मी थट्टेने विचारलं, "काकू, एवढे उपास कोन करून राह्यलं घरी?"

"नोटा करून राह्यल्या," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

काकूंना या जादूचा पहिल्यापासून राग. त्यांच्या मते नवऱ्याला त्या खेळवाल्याने बिघडवलं होतं, आणि घरातली इस्त्री, पातेलं, खिडकीची काच सगळं त्या दहाच्या नोटांनी खाल्लं होतं. एवढी वर्षं बाजारओळीत राहूनही त्या कधी खेळ पाहायला थांबल्या नव्हत्या. बाजाराच्या दिवशी त्या फरशीवर रोपांची टोपली आणून ठेवायच्या आणि पाठ फिरवून निघून जायच्या.

भिंतीपलीकडून येणारा नोटांचा आवाजही बदलला होता. आधी एक झटका, एक कर्र, आणि मग गप्प. आता एकाच नोटेला झटक्यावर झटके. कर्र, कर्र, कर्र. जणू वाजली की नाही याची त्यांना खात्रीच पटत नव्हती. मी हाक मारली तर काका वळायचे नाहीत. दोनदा मारली तरी नाही. माझं ते डबडं ओरडायचं तेव्हा पायरीवर बसलेली इतर माणसं दचकायची, काका नोटा चाळत राहायचे. मला कळायला हवं होतं, पण माणूस म्हातारा झाला की तो ऐकत नाही असं आपण धरूनच चालतो.

काका आवाजावरून नोट पारखायचे. कान थकले तशी त्यांना नोट मुकी वाटायला लागली, आणि ते खळ वाढवत गेले. नोट मुकी नव्हतीच. ती ओरडत होती, आणि काकांना ऐकू येत नव्हतं.

मग तो बाजार आला. दसऱ्याच्या आसपासचा, कापसाचे पैसे हातात यायला लागले होते, गर्दी बरी होती. नोट दिली ती तामसीकडच्या एका मजूर बाईने, बसच्या भाड्यासाठी पदरात बांधलेली होती. खेळ नेहमीसारखा झाला. दोडका मोडला, बिया पडल्या, गुंडाळी आली. काकांनी ती उलगडली तेव्हाच तिचे कोपरे पापडासारखे उभे राहिले. त्यांनी दोन टोकं धरली, झटका दिला, आणि नोट मधोमध तुटली. एक तुकडा उडून रोपांच्या टोपलीत पडला. इतका स्वच्छ आवाज झाला की मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्यांना मात्र दिसलं.

"माही नोट!" ती बाई किंचाळली. "अहो बाबा, माही नोट तोडली ना जी तुमी!"

काकांनी घाईने खिशातून दुसरी काढून तिच्या हातात दिली. ती मळकी, लोंबती होती, त्यामुळे लोक हसायलाच लागले. "तरणी गेली, म्हातारी आली!" कोणीतरी मागून ओरडलं. त्यांचंच वाक्य उलटवून. काका त्या दिशेने बघत राहिले. कोणी काय म्हटलं हे त्यांना ऐकू आलं नव्हतं, फक्त सगळे हसताहेत एवढं दिसत होतं, आणि त्यांनी सवयीने हसून हात जोडले. ते पाहून मला गल्ल्यावर थांबवेना. मी आत जाऊन उगाच तांदळाचं पोतं सरकवत बसलो.

त्यानंतर काका फरशीवर आले नाहीत. रोपं वावरात वाढून वाया गेली. आदिलाबादला जाऊन कान दाखवले, यंत्र आणलं. यंत्रात बाजार शिरायचा, बसचा हॉर्न शिरायचा, माझं डबडं शिरायचं, नोटेचा आवाज काही शिरायचा नाही. काकांनी ते खळीच्या डबीत टाकून ठेवलं. पायरीवर यायचे, पण गल्ला मागायचे नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "वसंता, रोप तर कोनीही इकते. मी नोट वाजवतो म्हनून लोक मले ओळखतात. तेच गेलं तर मी कोन हाय रे?" मी काहीतरी बोललो. त्यांना ऐकू आलं नसावं, आणि ते बरंच झालं.

काही दिवसांनी, दुपारी, भिंतीपलीकडून कर्र ऐकू आलं. एकदाच. आणि मग काकूंचा आवाज, "नाई."

थोड्या वेळाने पुन्हा कर्र. "नाई. जास्त झाली खळ. मोडते हे."

मी हातातला तराजू तसाच धरून उभा राहिलो. ज्या बाईने जन्मभर त्या नोटांना शिव्या दिल्या, ती कानाशी नोट धरून झटका देत होती, आणि तो म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत असणार. बराच वेळ "नाई, नाई" चालू होतं. शेवटी एक बारीक, नेमका आवाज आला, पूर्वीसारखा, आणि काकू म्हणाल्या, "हो. हे वाजली." मग त्या मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने ओरडल्या, "वाजली म्हनलं! वाजली!" समोरच्या हॉटेलात चहा पिणारी माणसंही वळून बघायला लागली.

काका पुन्हा फरशीवर बसू लागले. आता काकू टोपली ठेवून निघून जात नसत. त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर, गर्दीच्या मागे उभ्या राहायच्या. काकांनी नोट वाजवली की ते गर्दीच्या डोक्यांवरून काकूंकडे बघायचे, आणि काकू उजवा हात वर करायच्या. वाजली. मगच काका "म्हातारी गेली, तरणी आली" म्हणायचे. लोकांना वाटायचं हा खेळातलाच भाग आहे. काकू खेळ कधी पाहत नसत. त्या फक्त कान लावून उभ्या असायच्या, आणि हात वर करून झाला की पदर सारखा करायच्या.

दिगांबरकाकांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. त्यांचा शेवटचा खेळ पावसाळ्यातला. सकाळपासून झडी होती, हवा इतकी सर्द की माझ्या दुकानातल्या मिठाला पाणी सुटलं होतं. मी काकांना म्हणालो, आज राहू द्या. त्यांना दम लागत होता, चेहरा उतरला होता. पण पाऊस जरा उघडला तशी गावातली दहा-पाच माणसं फरशीपाशी जमली, आणि काका उठले. एका म्हाताऱ्या भाजीवाल्याने नोट दिली. रुमाल झाला, फुंकर झाली. फुंकर मारताना त्यांना खोकला आला, लोक थांबले. दोडका मोडला. बिया ओलसर होत्या, नीट पडल्यासुद्धा नाहीत. काकांनी बोटाने गुंडाळी ओढून काढली.

सकाळी घरात वाजलेली ती नोट मी ऐकली होती, चांगली वाजली होती. पण खळीने हवेतलं सगळं पाणी पिऊन टाकलं होतं. काकांनी ती उलगडली तेव्हाच ती दोन्हीकडून खाली झुकली. त्यांनी टोकं धरली, झटका दिला. काहीच आवाज झाला नाही. मी काकूंच्या शेजारीच उभा होतो, पावसाची पागोळी मला ऐकू येत होती, पण नोट नाही.

काकांनी गर्दीच्या डोक्यांवरून काकूंकडे पाहिलं.

काकूंनी हात वर केला. नेहमीपेक्षा जास्त वर, अगदी टाचा उचलून.

काकांच्या कानांनी दगा दिला होता, पण बोटं शाबूत होती. जन्मभर नोटा हाताळलेल्या त्या बोटांना ती नोट ओली आहे हे कळलं नसेल, असं मला नाही वाटत. ते काकूंच्या हाताकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, आणि दम खात, अडखळत, पण सगळं वाक्य म्हटलं. "म्हातारी गेली, तरणी आली!" भाजीवाल्याने ती लोंबती नोट घेऊन कपाळाला लावली आणि खिशात घातली. कोणी हसलं नाही. दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

काकूंनी हात खाली घेतला. त्या पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वसंता, दोन चाय सांग बापा. थकलो आमी."